धरणाकाठचा विज्ञानाचा तास

नागपूरहून जबलपूरकडे निघालेल्या प्रवाशास, शहर दृष्टिपथात येण्यापूर्वी, हमरस्त्यावर बरगी हे गाव लागते. ह्याच गावाच्या नावाने ओळखले जाणारे नर्मदेवरील धरण तेथून जवळ आहे. नर्मदेवरील मोठ्या धरणांपैकी प्रथम पुरे झालेले ते हेच. १९९० मध्ये त्याचे काम पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयास राणी अवंतीबाईंचे नाव देण्यात आले. सुमारे सत्तर मीटर उंचीची आणि पाच किलोमीटरांहून अधिक लांबीची ही भिंत, तिचे एकवीस दरवाजे आणि तिच्या पायथ्याचे नव्वद मेगावॉट क्षमतेचे वीजगृह पाहण्यास दूरदूरची मंडळी येतात. ह्या पाण्यासाठी १६२ गावांना आपल्या जमिनीचा, घरादाराचा किंवा दोहोंचाही त्याग करावा लागला, हेही येथे विसरून चालणार नाही.

वाचकहो, अशा परिसरात वाढणाऱ्या मुलास पाण्याचा दाब, ऊर्जेचे रूपांतर, पावसाचे मोजमाप किंवा हिवतापाचा प्रसार हे विषय समजावून देण्यास निराळ्या प्रयोगशाळेची आवश्यकता भासू नये. ज्याने घरे बुडविली आणि ज्याने दिवे लावले, ते पाणी कोणत्या नियमाने वागते, हे जाणण्याचा हक्क त्या काठच्या मुलास सर्वांआधी आहे. परंतु आपल्या देशातील असंख्य शाळांतून विज्ञानाचा तास आजही फळ्यावरील व्याख्या वहीत उतरविण्यात संपतो. साहित्याची पेटी कपाटात असते आणि कपाटास कुलूप असते. ह्याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे. त्यास हाताने प्रयोग करण्याचे शिक्षण कोणी, केव्हा आणि किती दिले, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारीत नाही. आजच्या लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे.

एका बाटलीची गोष्ट

प्रथम एक साधा प्रयोग पाहू. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, हे दाखविण्यासाठी क्रमिक पुस्तकांतून एक आकृती पुष्कळदा दिलेली असते. उभ्या भांड्यास वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोके. वरची धार जवळ पडते, मधली त्याहून दूर आणि खालची सर्वांत दूर. आकृती सुबक असते आणि मुले ती पाठ करतात.

आता आपण घरी एक प्लॅस्टिकची बाटली घ्या. पाणी जेवढ्या उंचीपर्यंत भरावयाचे, तिचे चार सारखे भाग करा आणि मधल्या तिन्ही खुणांवर तापविलेल्या खिळ्याने सारख्या आकाराची भोके पाडा. बाटली सपाट फरशीवर ठेवा आणि वरून पाणी घालीत राहून पातळी कायम ठेवा. धारा कोठे पडतात ते पाहा. मधली धार सर्वांत दूर पडेल. वरची आणि खालची धार जवळजवळ एकाच ठिकाणी पडेल. पुस्तकातील आकृती आणि डोळ्यांसमोरील पाणी ह्यांचा मेळ बसत नाही.

कारण शोधले तर कठीण नाही. खालच्या भोकातून पाणी सर्वाधिक वेगाने बाहेर येते, हे अगदी खरे. दाबाचा नियम कोठेही मोडलेला नाही. परंतु त्या धारेस फरशीवर पोहोचण्यापूर्वी फारच थोडा अवधी मिळतो. वरच्या धारेस अवधी भरपूर मिळतो, पण तिचा वेग कमी. मधल्या धारेस दोन्ही गोष्टी बेताने लाभतात आणि ती बाजी मारते. हीच बाटली आता तिच्या उंचीइतक्या किंवा त्याहून उंच स्टुलावर ठेवा आणि धारा जमिनीवर पडू द्या. सर्व धारांना पडण्यास पुरेसा अवधी मिळताच खालची धार सर्वांत पुढे जाते आणि आकृती खरी ठरते. म्हणजे आकृतीत चूक होती ती एवढीच, की बाटली कोठे ठेवावयाची हे तीत सांगितलेले नव्हते.

ह्या लहानशा प्रयोगात शिक्षकाच्या शिक्षणाचा सारा प्रश्न साठविलेला आहे. ज्या शिक्षकाने हा प्रयोग पूर्वी कधी केलेला नाही, त्याच्यापुढे वर्गात मधली धार दूर पडली की दोनच मार्ग उरतात. ‘पुस्तकात आहे तेच खरे, तुम्ही पाहिले ते चुकीचे,’ असे मुलांना सांगावयाचे. अथवा पुढच्या वर्षापासून प्रयोगच करावयाचा नाही. पहिल्या मार्गाने मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरील विश्वास जातो आणि दुसऱ्याने विज्ञानच वर्गातून जाते. तिसरा मार्गही आहे. ‘असे का झाले असावे? बाटली उंच ठेवून पाहू या,’ असे म्हणण्याचा. परंतु असे म्हणण्यास लागणारे धैर्य केवळ सद्‌भावनेने येत नाही. आधी स्वतः प्रयोग करून, फसून, सहकाऱ्यांशी वाद घालून पाहिलेल्या माणसालाच ते येते.

बरगीच्या धरणाशी ह्या बाटलीचे नाते जोडणे अवघड नाही. साठ मीटर खोल पाण्याच्या तळाशी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे सहा किलोग्रॅम भार पाण्यामुळे पडतो. भिंत पायथ्याशी जाड का, हे मुले आपण होऊन सांगतील. मग त्यांना आणखी एक प्रश्न विचारावा: जलाशय मागे कित्येक किलोमीटर पसरला आहे, तो निम्म्याच लांबीचा असता, तर भिंतीवरील दाब निम्मा झाला असता काय? बहुतेक मुले ‘होय’ म्हणतील. एक अरुंद बाटली आणि एक रुंद डबा घेऊन, दोहोंत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरून आणि तळापासून सारख्या उंचीवर सारखीच भोके पाडून त्यांना उत्तर स्वतः पाहू द्यावे. दोन्ही धारा सारख्याच दूर जातील. दाब खोलीवर अवलंबून आहे, पाण्याच्या विस्तारावर नाही, हे वाक्य त्यानंतर कोणास पाठ करावे लागत नाही.

नर्मदेच्या काठी घडलेला एक प्रयोग

शिक्षकांना असे तयार करता येते काय? ह्याचे उत्तर ह्याच नर्मदेच्या काठी, बरगीपासून प्रवाहाच्या दिशेने खाली, होशंगाबाद जिल्ह्यात मिळाले. २०२२ पासून त्या गावाचे नाव नर्मदापुरम् झाले आहे. १९७२ मध्ये रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडी भागातील किशोर भारती ह्या दोन संस्थांनी, मध्य प्रदेश शासनाच्या अनुमतीने, सोळा माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान शिकविण्याची निराळी पद्धत सुरू केली. किशोर भारतीचे संस्थापक डॉ. अनिल सद्‌गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून ग्रामीण भागात आलेले शास्त्रज्ञ. विद्यापीठांतील आणि संशोधनसंस्थांतील अनेक अध्यापक आपल्या सुट्या खर्ची घालून ह्या कामात सामील झाले. १९७८ मध्ये ही पद्धत संपूर्ण जिल्ह्यात लागू झाली आणि १९८२ मध्ये हे कार्य पुढे चालविण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन करण्यात आली.

ह्या उपक्रमाचे मर्म त्याच्या रचनेत होते. मुले चारचारांच्या टोळ्यांनी प्रयोग करीत, निरीक्षणे लिहीत आणि त्यावर वर्गात चर्चा होई. ‘बाल वैज्ञानिक’ ह्या त्यांच्या पुस्तकात उत्तरे आयती दिलेली नसत; ती मुलांनी शोधावयाची असत. प्रत्येक शाळेस साहित्याची पेटी मिळे. परीक्षेस पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकासही गुण होते. साहजिकच पाठांतराचे महत्त्व उरले नाही.

परंतु सर्वांत मोलाची होती ती शिक्षकांची तयारी. उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षक सुमारे तीन आठवडे एकत्र राहत आणि मुलांनी करावयाचे सर्व प्रयोग, मुलांप्रमाणेच टोळ्यांनी बसून, स्वतः करीत. एकेका इयत्तेसाठी एकेक असे हे वर्ग असत. एवढ्यावर ते थांबत नसे. शाळा सुरू झाल्यावर दर महिन्यास जवळपासच्या शाळांचे शिक्षक एका केंद्रावर जमत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता अडचणीचा प्रश्न विचारला, ह्याची तेथे मोकळेपणी चर्चा होई. अनुभवी शिक्षक आणि बाहेरचे अध्यापक अधूनमधून वर्गांना भेटी देत. ह्या भेटीगाठींतून निघालेल्या सूचनांवरून पुस्तकाचे धडे पुन्हा लिहिले जात. आपल्या अनुभवाने पुस्तक बदलते, हे ज्या शिक्षकाने पाहिले, तो स्वतःस केवळ हुकूम बजावणारा नोकर समजेनासा झाला.

मुलांच्या प्रश्नांसाठी तेथे ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केलेले होते. मुले सवालीरामाला पत्र लिहून मनातील शंका विचारीत आणि सवालीराम त्यांना उत्तर धाडी. आपल्याला प्रश्न पडला आणि त्याची दखल कोणी तरी घेतली, हा अनुभव खेड्यातील मुलाच्या आयुष्यात किती मोठा असतो, हे आपण जाणताच.

१९७८ साली पुण्याच्या टेल्को कारखान्यातील एक तरुण अभियंता, श्री. अरविंद गुप्ता, एका वर्षाची रजा घेऊन ह्या कार्यक्रमात काम करण्यास आले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्हमधील रबरी नळीचे तुकडे जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन आणि त्यांपासून घनाकृती तयार केल्या. काड्यांचा चौकोन बोटाने ढकलताच कलतो, त्रिकोण मात्र ढळत नाही. पुलाच्या आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोणच का दिसतात, ह्याचे उत्तर मुलाच्या हातात येते आणि त्यास खर्च जवळजवळ काहीच नाही. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे अशीच खेळणी बनविली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

हा उपक्रम वाढत वाढत १५ जिल्ह्यांतील सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. राज्यभर एकच पाठ्यपुस्तक असावे की भिन्न पद्धतींस वाव असावा, ह्यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु एक गोष्ट सर्वांनी ध्यानी घ्यावी. पुस्तक बदलणे एका आदेशाने साधते. महिन्याच्या महिन्याला एकत्र बसून आपल्या वर्गाचा विचार करणाऱ्या शिक्षकांचा मेळ घडविण्यास तीस वर्षे लागतात. तो मेळ मोडला, तर नव्या पेट्या आणि नवी पुस्तके पुरवूनही तो भरून निघत नाही.

भाषेचा अडसर

महाराष्ट्रातही ह्या दिशेने मोलाचे काम झाले आहे. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ मध्ये मुंबईस होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. ह्या केंद्राचे पहिले संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात आणि मुंबईच्या महापालिका शाळांत काम केले. मुले विज्ञानात मागे पडतात त्याचे एक मोठे कारण विषयाची काठिण्यता नसून पाठ्यपुस्तकाची दुर्बोध भाषा हे आहे, असे त्यांना आढळले. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली, की मुलांची समज सुधारते.

ह्याचा अर्थ पारिभाषिक शब्द टाकून द्यावेत असा नाही. अनुभव आधी आणि नाव मागाहून, हा क्रम राखावा. बाटलीतून धारा उडालेल्या पाहून झाल्यावर ‘दाब’ हा शब्द आला, तर तो मुलाचा स्वतःचा होतो. जबलपूरकडील मराठी कुटुंबांतील मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात. त्यांच्या पालकांनी तर शाळेतील प्रत्येक नवा शब्द घरच्या भाषेत मुलाकडून एकदा समजावून घ्यावा. जे सांगता येत नाही ते समजलेले नाही, ही कसोटी सहसा चुकत नाही.

परिसर हेच साहित्य

महागड्या उपकरणांवाचून विज्ञान शिकविता येते, ही कल्पना नवी नाही. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांसाठी १९४८ मध्ये युनेस्कोने एक पुस्तिका काढली होती. तिचाच विस्तार होऊन १९५६ मध्ये विज्ञान शिक्षकांसाठी सुप्रसिद्ध संदर्भग्रंथ तयार झाला. डबे, बाटल्या, तार, मेणबत्त्या एवढ्या सामग्रीवर त्यात शेकडो प्रयोग दिलेले आहेत. बरगीच्या परिसरातील शिक्षकास तर निसर्गाने आणखी पुष्कळ काही दिलेले आहे. त्यातील काही येथे सांगतो.

पावसाचे मोजमाप: वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा उघड्या जागी ठेवावा आणि रोज ठरावीक वेळी आतील पाण्याची उंची पट्टीने मोजून, नोंद करून, डबा रिकामा करावा. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. तोंड रुंद आणि बूड अरुंद असे भांडे का चालत नाही, हे मुलांनाच विचारावे. धरणाचे दरवाजे उघडल्याची वार्ता वर्तमानपत्रात आली, की आपल्या नोंदवहीतील आधीच्या आठवड्याचा पाऊस तिच्याशी पडताळून पाहावा. आपल्या गावी पाऊस नसताही दरवाजे उघडले, तर पाणी कोठून आले? ह्या प्रश्नातून मुले नदीच्या खोऱ्याचा नकाशा काढू लागतील.

डास आणि हिवताप: धरण भरल्यानंतर जलाशयालगतच्या गावांत दूरच्या गावांपेक्षा हिवताप अधिक आढळला, असे संशोधकांनी नोंदविलेले आहे. कडेची उथळ डबकी आणि कालव्यांची गळती डासांना सोयीची पडते. साचलेल्या पाण्यातील अळ्या रुंद तोंडाच्या बाटलीत घेऊन पाहाव्यात. हिवताप पसरविणाऱ्या ॲनाफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागास समांतर पडून राहते. क्युलेक्सची अळी डोके खाली करून तिरपी लोंबते. बाटलीचे तोंड कापडाने घट्ट बांधावे आणि डास बाहेर पडण्यापूर्वीच ते पाणी कोरड्या, उन्हाच्या जमिनीवर ओतून टाकावे. ज्या मुलाने अळी पाहिली, ते मूल घरी जाऊन रांजण आणि पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करावयास लावील. विज्ञानाचा तास असा घराच्या आरोग्यापर्यंत पोहोचतो.

दगड आणि काळ: जबलपूरनजीकच्या बडा शिमला टेकडीवर १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन ह्यांना प्रचंड अस्थींचे अवशेष सापडले. ते डायनोसॉरचे होते, हे पुढे १८७७ मध्ये लायडेकर ह्यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. ज्या थरांत ते सापडले त्यांना नर्मदेवरील लम्हेटाघाटाचे नाव मिळाले आणि जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ते परिचित आहे. भेडाघाटचा संगमरवर तर सर्वांच्या ओळखीचा. ‘संगमरवरावर आम्ल टाकले की बुडबुडे येतात,’ असे पुस्तकात असते; भेडाघाटच्या दगडावर लिंबाचा रस पिळला तर काहीच झाले नाही असे वाटण्याचा संभव आहे. त्या दगडात मॅग्नेशियमचा अंश बराच असल्याने त्यावर सौम्य आम्लाची क्रिया फार मंद होते. अंड्याच्या कवचावर तोच रस टाकून तुलना करावी. येथेही बाटलीसारखाच प्रसंग आहे: शिक्षकाने आधी करून पाहिलेले असेल, तर हा दगड वर्गास दोन धडे शिकवितो, नसेल तर एकही नाही.

आपण काय करावे

शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी योजना पुष्कळ झाल्या. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे संगणकीय साधन आणि २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा प्रशिक्षण कार्यक्रम आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकास वर्षाकाठी किमान पन्नास तासांचे प्रशिक्षण मिळावे असे म्हटले आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. मात्र पन्नास तास पडद्यासमोर बसून भाषण ऐकण्यात गेले, तर बाटलीतील मधली धार कोणासही दिसणार नाही. त्यांतील निम्मे तास तरी हातात साहित्य घेऊन, शेजारच्या चार शाळांच्या शिक्षकांसमवेत घालविले गेले पाहिजेत.

येथे पालक म्हणून आपलेही काही कर्तव्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये शासकीय शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असतात. आपण त्या समितीवर असाल, तर पुढील सभेत तीन प्रश्न शांतपणे विचारा. विज्ञान साहित्याच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे आणि ती पेटी गेल्या महिन्यात किती वेळा उघडली? प्रयोगात परीक्षानळी फुटली, तर तिची किंमत शिक्षकाच्या पगारातून वसूल होण्याची भीती त्यास आहे काय? असल्यास ‘मोडतोड मान्य’ असा ठराव समितीने लिहून द्यावा. कुलूप उघडण्यास हा एक ठराव पुष्कळदा पुरेसा होतो. आणि तिसरे, आपल्या शिक्षकांस महिन्यातून एकदा इतर शाळांच्या विज्ञान शिक्षकांस भेटण्याची सवड व प्रवासखर्च मिळतो काय?

घरीही थोडे करता येईल. रिकामे डबे, बाटल्या, झाकणे, सायकलच्या जुन्या नळ्या भंगारात घालण्यापूर्वी एकदा शाळेस विचारावे. मुलाने प्रश्न विचारला आणि आपणास उत्तर आले नाही, तर तो प्रश्न तारखेसह एका वहीत लिहून ठेवावा आणि ती वही मुलाबरोबर शाळेत धाडावी. शाळेतून आल्यावर ‘आज काय शिकविले?’ ह्याऐवजी ‘आज काय पाहिले?’ असे विचारावे. मुलाजवळ ह्या प्रश्नास अनेक दिवस उत्तर नसेल, तर शिक्षकांची गाठ घ्यावी. जाब विचारण्यासाठी नव्हे, त्यांस कशाची अडचण आहे हे जाणून घेण्यासाठी.

येत्या रविवारी बाटली, खिळा आणि स्टूल घेऊन अंगणात बसा. घरातील सर्वांनी आधी कागदावर लिहावे, कोणती धार सर्वांत दूर पडेल ते. आणि मगच पाणी ओतावे.